जमिनीचे कागद, बागेच्या नोंदी आणि प्रश्न विचारता येईल अशी आउटलाइन: कुठलं सॉफ्टवेअर घ्यावं?

सड्यावरची_बाग
नमस्कार मंडळी. राजापूर तालुक्यात आमचं घर. आजोबांच्या वेळेपासूनची जमीन अकरा सर्व्हे नंबरांत विखुरलेली, त्याचे तेवीस हिस्से. काही सड्यावर म्हणजे कातळाच्या माळावर, काही खाजणात म्हणजे खाडीकाठी, दोन अजून सामाईक. सड्यावर हापूसची एकशेऐंशी कलमं. मोठे काका मार्चमध्ये गेले. सगळा हिशेब त्यांच्या डोक्यात होता, कागद पत्र्याच्या दोन पेट्यांत. आता पेट्या माझ्याकडे आल्या आहेत.

आत काय काय आहे सांगतो: सातबारा, आठ-अ, फेरफार, खरेदीखतं, सूची दोनच्या प्रती, सोसायटीच्या कर्जाच्या पावत्या, कुळकायद्याचे आदेश, आणि मोडीतले काही कागद जे घरात कोणालाच वाचता येत नाहीत. माझ्या फोनमध्ये बागेचे फोटो आहेत ते वेगळेच.

मला हवंय ते असं. मुद्द्याखाली मुद्दा, त्याखाली पोटमुद्दा अशी घडी घालता येणारी मांडणी: गाव, सर्व्हे नंबर, हिस्सा, त्याखाली सगळं. प्रत्येक ठिकाणी पीडीएफ आणि फोटो जोडता आले पाहिजेत. आणि डेटाबेसला विचारतो तसं विचारता आलं पाहिजे, म्हणजे "ज्या हिश्शांची वारसनोंद बाकी आहे ते दाखव". पावसात आमच्याकडे नेट आठ-आठ दिवस नसतं, त्यामुळे सगळं लॅपटॉपवरच चालायला हवं. विंडोज लॅपटॉप, अँड्रॉइड फोन. ठाण्याचा चुलतभाऊसुद्धा बघणार आहे.

एक्सेल करून पाहिलं. एका हिश्श्याला सात वारस आले की ओळी कशा मांडायच्या तेच कळेना.

खाडीपलीकडे
दादा, सॉफ्टवेअर नंतर. आधी वहीत दहा प्रश्न लिहा, जे तुम्हाला खरोखर विचारावे लागणार आहेत. अंदाजाने नको, गेल्या दोन वर्षांत कोणी ना कोणी विचारलेले.

मी हे का सांगतेय ते ऐका. आमची बाग दापोलीच्या किनाऱ्याला. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा माड, पोफळी, कलमं सगळी आडवी झाली. पंचनाम्याला माणसं आली आणि विचारलं, या हिश्श्यात आधी किती झाडं होती, काही दाखवायला आहे का? माझ्याकडे शेकड्यांनी फोटो होते. सगळे तारखेप्रमाणे. हिश्श्याप्रमाणे एकही नाही. अंगणात पडलेल्या फणसाच्या बुंध्यावर बसून फोनमध्ये बोट फिरवत राहिले, आणि शेजारच्या भाऊंनी मात्र शाळेच्या वहीतून दोन मिनिटांत आकडे काढून दिले. त्यांच्या वहीत हिश्श्याला एक पान होतं, एवढंच.

तेव्हा प्रश्न आधी. प्रश्नांवरून रकाने ठरतात, आणि रकान्यांवरून कुठलं सॉफ्टवेअर चालेल ते.

सड्यावरची_बाग
ताई, पटलं. रात्री बसून लिहिले. त्यातले महत्त्वाचे हे:
कुठल्या हिश्श्यांवर अजून आजोबांचंच नाव आहे? कुठल्या सातबाऱ्यावर इतर हक्कात बोजा, म्हणजे कर्जाची नोंद, दिसतो आणि कर्ज फिटल्याचा दाखला मात्र आपल्या पेटीत आहे? सामाईकात आमचा वाटा किती आणे? कुठल्या खरेदीखतात एकाहून जास्त हिस्से आलेत? कुठल्या कलमांना तीन वर्षं मोहोर नाही?

ईमॅक्सवाला
तुमच्या यादीला माझं उत्तर ऑर्ग-मोड. मजकूर लिहायच्या ईमॅक्स या सॉफ्टवेअरमधला भाग. अ‍ॅम्स्टरडॅममधले खगोलशास्त्रज्ञ कार्स्टन डॉमिनिक यांनी २००३ मध्ये स्वतःच्या टिपणांसाठी सुरू केला. सगळं साध्या मजकुराच्या फाइलीत राहतं. मथळ्याखाली मथळा, कितीही खोल. प्रत्येक मथळ्याला गुणधर्मांचा कप्पा लावता येतो: क्षेत्र, बोजा, वारसनोंद, जे हवं ते. मग "बोजा आहे आणि वारसनोंद बाकी" असं विचारलं की सगळ्या फाइलींतून तेवढेच मथळे समोर येतात. वरच्या मथळ्याला लावलेली खूणचिठ्ठी (टॅग) खालच्यांना आपोआप लागू होते, म्हणजे सर्व्हे नंबरावर एकदा "सामाईक" लिहिलं की आतल्या हिश्शांना वेगळं लिहायला नको.

जोडपत्रांची सोय आहे. सुरुवातीच्या रचनेत ती मथळ्याच्या ओळख-क्रमांकावरून केलेल्या फोल्डरात जातात, आणि ती नावं माणसाला वाचण्यासारखी नसतात. पण मथळ्यावर स्वतःचं फोल्डर नेमून देता येतं. ते पहिल्या दिवशीच करा, कारण नंतर बदलणं जिकिरीचं. फोनवर ऑर्गझ्ली आहे.

शिकायला महिना लागेल, हे खरं. मी पंधरा वर्षं वापरतोय. या काळात तीन लॅपटॉप बदलले, फाइली त्याच आहेत.

माडाखाली
माका एकच सांगूचा हा. ठाण्याचो भाऊ ईमॅक्स शिकात काय? नाय शिकलो तर तुमच्या मागे ह्या कोण बघतला? मोठ्या काकांच्या डोक्यात होता ता आता तुमच्या लॅपटॉपात जायत, फरक काय पडलो?

मी चेरीट्री वापरतंय. फुकट आसा, डाव्या बाजूक झाड, उजवीकडे मजकूर, पीडीएफ थयच चिकटवूची. सगळा एका फाइलीत. माझो बापूस बहात्तर वर्षांचो, तो सुद्धा उघडता.

ईमॅक्सवाला
माडाखाली, प्रश्न रास्त आहे. पण चेरीट्रीत रकान्यांवर प्रश्न विचारता येत नाही. शब्द शोधता येतो. "बोजा" शोधलं की "बोजा कमी केला" असं लिहिलेली पानंही सापडणार, आणि दादांना नेमकी तीच नकोत.

कौलारू
जुनी आठवण सांगतो, कारण ती या निवडीशी जोडलेली आहे. नव्वदच्या दशकात मी मुंबईत फोर्टात नोकरीला होतो. तिथे ईको प्रो नावाचं सॉफ्टवेअर वापरायचो. आउटलाइन, आणि प्रत्येक ओळीला रकाने, तारखा, गाळण्या. तुम्ही मागताय जवळजवळ तेच, आणि तेही १९९३ साली. त्याआधी १९८८ मध्ये लोटस अजेंडा आलं होतं, त्यातही टिपण एकदा लिहायचं आणि हव्या तितक्या वर्गांत दिसायचं. दोन्ही लोकांना जीव की प्राण होती. ईको प्रोचा विकास १९९७ मध्ये थांबला. मी आणखी काही वर्षं जुन्या विंडोजवर ओढलं, मग नोंदी हाताने बाहेर काढल्या. दोन दिवाळ्यांच्या सुट्ट्या त्यात गेल्या.

जमिनीचा कागद शंभर वर्षं टिकतो. सॉफ्टवेअर दहा वर्षं टिकलं तरी पुष्कळ. तेव्हा घेण्याआधी बाहेर पडायची वाट बघून ठेवा: सगळ्या नोंदी साध्या मजकुरात आणि जोडपत्रं मूळ नावांसह बाहेर काढता येतात का? तीन कागदांवर करून बघा, मगच बाकीचे भरा.

रानजाई
मी ट्रिलियम सुचवते. झाडासारखी मांडणी आहे, प्रत्येक टिपणाला हवे ते गुणधर्म लावता येतात, त्यांवर शोध लिहून तो जपून ठेवता येतो, आणि तो शोधच झाडात एक फांदी म्हणून दिसतो. "बाकी वारसनोंदी" नावाची फांदी केली की नोंदी बदलतील तशी तीही बदलते. फाइली जोडता येतात. २०२४ च्या सुरुवातीला मूळ कर्त्याने नवं काम थांबवून फक्त देखभाल ठेवली, तेव्हा वापरणाऱ्यांनीच ते पुढे चालवायला घेतलं.

पण खरी गोष्ट वेगळी. दादा, तुमचा चौथा प्रश्न पुन्हा वाचा: एका खरेदीखतात एकाहून जास्त हिस्से. तुमच्या झाडात ते खरेदीखत कुठल्या हिश्श्याखाली लावणार? पहिल्याखाली लावलं तर बाकी दोघांकडे ते दिसणार नाही. तिन्हीकडे प्रती ठेवल्या तर एकीवर टीप लिहाल आणि दुसऱ्या दोन तशाच राहतील. बहुतेक आउटलाइनरमध्ये मुलाला एकच आईबाप असतात. ट्रिलियममध्ये एकच टिपण अनेक फांद्यांवर बसवता येतं. प्रत नाही, तेच टिपण. कुठूनही बदललं तरी सगळीकडे बदलतं. आमच्या घरच्या वाटणीपत्रात नऊ हिस्से आहेत. ते नऊ ठिकाणी दिसतं आणि आहे एकच.

सड्यावरची_बाग
रानजाई, ताई, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. पेटीतली खरेदीखतं पुन्हा बघितली. चौदापैकी आठांत एकाहून जास्त हिस्से आहेत. आणि मूळ सर्व्हे नंबर फुटून हिस्से पडलेत, त्यामुळे जुन्या कागदांवर जो नंबर आहे तो आज त्या रूपात नाहीच. १९४९ च्या खोती निर्मूलन कायद्याचा उल्लेख असलेला एक कागद आहे, कुळकायद्यातल्या १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनाचा उल्लेख असलेले तीन. ते सगळे जुन्या नंबरांवर.

मोडीवाचक
दादा, मी मोडी वाचते, शिकवतेसुद्धा, म्हणून माझ्या बाजूने सांगते. स्कॅन केलं म्हणजे शोधता येईल असं समजू नका. छापील मराठी ओळखणारी टेसरॅक्टसारखी साधनं आहेत, छपाई स्वच्छ असेल तर सातबाऱ्याचा मजकूर बऱ्यापैकी काढून देतात. मोडी त्यांना वाचता येत नाही. युनिकोडमध्ये मोडीला २०१४ पासून जागा आहे, पण हाताने लिहिलेला, शाई पसरलेला, पाठीमागची अक्षरं उमटलेला कागद माणसालाच वाचावा लागतो. तेव्हा त्या नोंदीत चित्राबरोबर देवनागरी लिप्यंतर मजकूर म्हणून लिहा. प्रश्न विचाराल तो त्या मजकुराला.

दुसरं, कागदाला आधी क्रमांक द्या. पेन्सिलीने, मागच्या बाजूला, कोपऱ्यात. शाईचं पेन नको, चिकटपट्टी तर मुळीच नको, पावसाळ्यात तिचा डिंक सुटतो आणि कागदाचा पापुद्रा घेऊनच निघते. कागदावर "क-०४२" तर फाइलीचं नावही क-०४२ पासून सुरू. दस्ताचा नोंदणी क्रमांक आणि वर्ष वेगळ्या रकान्यांत. मग सॉफ्टवेअर उद्या बंद पडलं तरी पेटी, फाइल आणि नोंद या तिघांची गाठ सुटत नाही.

स्कॅन ३०० डीपीआयच्या खाली करू नका. पाठकोरा दिसला तरी मागची बाजूही घ्या, मोडी कागदांच्या पाठीवर पोच आणि साक्षी असतात. आणि मूळ कागद कधीही टाकू नका.

पाणभरती
नावं मराठीत द्यायची असतील तर एक अडचण लक्षात ठेवा. लिनक्सवर फाइलीच्या नावाला २५५ बाइटांची मर्यादा असते आणि देवनागरीचं एकेक चिन्ह तीन बाइट घेतं. मात्रा, अनुस्वार, हलन्त प्रत्येक वेगळं मोजलं जातं. म्हणजे पंच्याऐंशी चिन्हांत खेळ संपला. "सामाईक क्षेत्रातील वारस नोंदीबाबत अर्ज व त्यासोबतची प्रतिज्ञापत्रे" असली नावं द्यायला लागलात की मर्यादा लांब राहत नाही. विंडोजवर अडणार नाही, पण दुसरी प्रत लिनक्सच्या डब्यावर ठेवाल तिथे अडेल. क्रमांक, वर्ष, दोन शब्द, बस्स.

सड्यावरची_बाग
आठवडाभर प्रयोग केला. तीन हिस्से आणि सत्तावीस कागद घेतले, तेच ट्रिलियममध्ये, आणि लॉगसेक व ऑब्सिडियन या टिपणांच्या आणखी दोन सॉफ्टवेअरांत भरले. ऑर्ग-मोड मला स्वतःला आवडलं असतं, पण भावाला दाखवलं आणि त्याने फोन बाजूला ठेवला. तिथेच तो विषय संपला.

जे सापडलं ते लिहितो, कारण दुसऱ्या कोणाचा तरी आठवडा वाचेल.

एक. क्षेत्राचा आकडा मी "०.१२" असा मराठी अंकांत भरला होता. "१० गुंठ्यांपेक्षा मोठे हिस्से" विचारलं तर यादी चुकीची आली. सॉफ्टवेअर मराठी अंकांना संख्या मानत नाही, अक्षरं मानतं. आता आकड्यांच्या आणि तारखांच्या रकान्यांत इंग्रजी अंक, आणि तारीख वर्ष-महिना-दिवस या क्रमाने. मजकुरात मराठी अंक खुशाल.

दोन. "ॲफिडेव्हिट" शोधलं, चारच सापडले. असायला हवे होते सात. लॅपटॉपच्या कीबोर्डवर मी ॲ हे एकच चिन्ह टाइप केलं होतं, फोनवर अ आणि वर चंद्र अशी दोन चिन्हं झाली होती. डोळ्यांना दोन्ही सारखीच दिसतात. तसंच ऱ्या आणि र्‍या. तीन तास डोकं धरून बसलो होतो.

पाणभरती
दादा, ॲचं हे दुखणं खरंच वाईट आहे. ऱ निदान युनिकोडच्या प्रमाणीकरणात एकरूप होतो, म्हणजे र आणि खाली नुक्ता असं लिहिलेलं असलं तरी चांगलं सॉफ्टवेअर त्याला ऱ समजतं. ॲला तशी फोडच ठरवलेली नाही, त्यामुळे दोन रूपं कायम दोन राहतात. उपाय एकच: ज्या शब्दावर शोधणार तो हाताने टाइप करायचाच नाही. कागदाचा प्रकार यादीतून निवडायचा. सातबारा, फेरफार, खरेदीखत, प्रतिज्ञापत्र. ॲफिडेव्हिट शब्दच काढून टाका.

रानजाई
मी तर रकान्यांची नावं रोमन लिपीत ठेवते आणि आतला मजकूर मराठीत. रकान्याच्या नावात मात्रा आल्या की अडणारी सॉफ्टवेअरं पुष्कळ आहेत.

दादा, ट्रिलियममध्ये काय अडलं?

सड्यावरची_बाग
ताई, वापरायला तेच सगळ्यांत छान वाटलं, खरं सांगतो. एकच टिपण तीन फांद्यांवर बसवलं तेव्हा मोठ्या काकांना दाखवावंसं वाटलं. मला अडलं ते हे, की नोंदी आणि जोडपत्रं सगळी एका डेटाबेस फाइलीत आत जातात. मोडीवाचक ताईंनी पेटी, फाइल आणि नोंद यांची गाठ सांगितली. त्यातली फाइल मला उघड्यावर हवी आहे, फोल्डरात, डोळ्यांना दिसणारी.

कौलारू
डेटाबेस फाइलीत आहे म्हणून घाबरायचं कारण नाही. ट्रिलियमची ती फाइल एसक्यूलाइट प्रकारची, आणि हा प्रकार जगात सगळीकडे आहे, अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने तो जतनासाठी शिफारस केलेल्या स्वरूपांत घेतलाय. भीती दुसऱ्या गोष्टीची आहे. अशी फाइल सॉफ्टवेअर चालू असताना ढगातल्या (क्लाउडच्या) फोल्डराने परस्पर उचलली तर अर्धवट प्रत जाते, कारण ताजे बदल कधीकधी शेजारच्या वेगळ्या फाइलीत असतात. दोन्ही लॅपटॉपांवर एकाच वेळी उघडी असेल तर विचारायलाच नको. ट्रिलियमवाल्यांनी त्याचीच सिंकची सोय वापरावी, किंवा आधी बंद करून मग प्रत घ्यावी.

खाडीपलीकडे
आणि एक प्रत गावाबाहेर हवीच. २२ जुलै २०२१ ला चिपळूणला माझ्या मावशीच्या घरात वाशिष्ठीचं पाणी माळ्यापर्यंत चढलं. कागद, लॅपटॉप आणि कागदांची प्रत असलेली बाहेरची डिस्क, तिन्ही एकाच कपाटात होती. नीट, कुलपात ठेवलेली.

सड्यावरची_बाग
ताई, हे वाचून कालच एक डिस्क ठाण्याला पाठवली. दर गणपतीला आणि शिमग्याला भाऊ येतो तेव्हा अदलाबदल करायची ठरवलंय. आधार आणि पॅनच्या प्रती त्यात कुलूपबंद डब्यात, बाकी उघडं.

निर्णय सांगतो. ऑब्सिडियन घेतलं. काटेकोर बोलायचं तर ते आउटलाइनर नाही, हे मला माहीत आहे. पण प्रयोग करताना एक गोष्ट लक्षात आली: मला झाड हवं होतं ते हिश्श्यापर्यंतच. गाव, सर्व्हे नंबर, हिस्सा. त्याखाली कागद लटकवायचे ही माझीच समजूत होती. कागद हिश्श्याच्या पोटात नसतो, शेजारी असतो. म्हणून हिश्श्याला एक पान आणि कागदाला एक पान. कागदाच्या पानात तो ज्या ज्या हिश्शांचा आहे त्यांचे दुवे, आणि पीडीएफ फोल्डरात मूळ क्रमांकाने. खरेदीखतात तीन हिस्से तर तीन दुवे. संपलं.

प्रश्न विचारायला २०२५ मध्ये त्यात बेसेस नावाची सोय आली आहे. पानांच्या वरच्या गुणधर्मांवरून तक्ता तयार होतो, गाळता येतो. तो तक्ता हिश्श्याच्या पानात बसवला की त्या हिश्श्याशी जोडलेलेच कागद दिसतात. भावाला हे दहा मिनिटांत समजलं. सगळी पानं साध्या मजकुराच्या फाइली आहेत, नोटपॅडमध्येही उघडतात. ऑब्सिडियनचा स्वतःचा कोड खुला नाही, म्हणून कौलारू काकांची बाहेर पडायची परीक्षा घेतली: सॉफ्टवेअर काढून टाकलं आणि फक्त फोल्डरातून क-०१७ शोधला. सापडला.

एक उणीव आहे ती लपवत नाही. "बोजा आहे आणि दाखलाही आहे" हा प्रश्न दोन प्रकारच्या पानांवर पसरलेला. तो मला सरळ विचारता आला नाही. हिश्श्याच्या पानात "दाखला आहे का" असा रकाना हाताने भरतोय. रानजाई ताईंच्या ट्रिलियममध्ये हे जास्त सरळ झालं असतं.

ईमॅक्सवाला
साध्या मजकुराच्या फाइली आहेत ना, मग माझी काही तक्रार नाही. कलमांचं काय केलंत? एकशेऐंशी पानं?

सड्यावरची_बाग
नाही. ते करून पाहिलं आणि दोन दिवसांत सोडलं. बागेत उभं राहून, एका हातात फोन आणि दुसऱ्या हाताने फांदी धरून, कोण पान उघडतंय. कलमांना पत्र्याचे बिल्ले मारले, नंबर ठोकून. आता हंगामाला एक साधा तक्ता: बिल्ला, पालवी कधी, मोहोर कधी, कल्टार (मोहोरासाठीचं औषध) दिलं का, किती पेट्या. तो तक्ता हिश्श्याच्या पानाला जोडपत्र. तीन वर्षांचे तक्ते शेजारी ठेवले की मोहोर न आलेली कलमं दिसतील. त्याला अजून दोन हंगाम आहेत.

माडाखाली
ह्या बरा केलास. कलमाक पान नको, बिल्लो पुरे.

सड्यावरची_बाग
आज एकसष्ट कागद झाले. संध्याकाळी पहिल्यांदा खरा प्रश्न विचारला: बोजा आहे, दाखला आहे. दोन हिस्से आले. खाजणातल्या एकावर सोसायटीचा बोजा अजून दिसतोय आणि क-०३८ हा ना-देय दाखला १९९४ चा आहे, काकांच्या सहीची पोच मागे. तीस वर्षं कोणी बोजा कमी करून घेतला नाही. सोमवारी दोन्हींच्या प्रती घेऊन तलाठ्याकडे जातोय.

मोडीवाचक ताई, क-००६ च्या पाठीवर चार ओळी आहेत, खाली अंगठा आणि नांगराची निशाणी. समोरच्या बाजूला वर्ष दिसत नाही. दोन्ही बाजू ३०० डीपीआयने घेतल्यात. तुम्हाला सवड असेल तेव्हा पाठवू का?

मोडीवाचक
पाठवा. आणि कागदाचा वरचा कोपराही पूर्ण येऊ द्या, घडीत दुमडला असेल तर हलकेच उलगडून. वर्ष बहुतेक तिथेच असतं.